गिळलेला ‘र’

बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात डोरीनचं दूध-पावाचं दुकान आहे. तिथले लोक अशा दुकानाला ‘स्पा’ म्हणतात, आणि शब्दाच्या शेवटचा ‘र’ गिळून ‘कार’ला ‘का’ म्हणतात.

लेक मॉरा ओहायोच्या कॉलेजातून सुट्टीला आली ती दारातूनच ओरडली, “आई, कार कुठे लावू?”

‘र’ अगदी खणखणीत! पोर परकी झाली की काय, या धास्तीने डोरीनला दोन दिवस घास गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी पाटी वाचून एक परगावचा गृहस्थ आत आला. “मसाज केवढ्याला?”

मॉरा हसता हसता गल्ल्यावर आडवी झाली. “मसाज नाही हो काका, इथे पाव मिळतो! आणि ती ‘का’ आधी दारातून हलवा!”

डोरीनचा जीव भांड्यात पडला. त्या गृहस्थाला तिने कॉफी पाजूनच सोडलं.