लैलाच्या पट्ट्याची परीक्षा

लैलाला अरबीतला पहिला शब्द शिकवला तो कुवेतमधल्या फहाहीलच्या एका दवाखान्यातल्या नर्सने. ‘दरबिच?’ म्हणजे, मारलं का त्याने तुला? दुसरा शब्द लैला आपणहून शिकली. ‘तिहत.’ पडले. इतक्या वर्षांत ती न्हाणीत पडली, जिन्यात पडली, एकदा तर सपाट गालिच्यावर पडून दोन दात घालवून बसली. नर्स काही खुळी नव्हती. पण बाई स्वतःच सांगत नसेल तर नर्सने करायचं काय?

नवरा हुसेन. दाभोळच्या खाडीवरचा, होड्या बांधणाऱ्यांच्या घरातला. बापाने त्याला लाकडी मोगरीने बडवून काम शिकवलं, त्याने तीच पद्धत संसाराला लावली. कामावरही हात आधी, तोंड मागून. एका फोरमनचं नाक त्याने फोडलं होतं. मालक अबू फहदने ते प्रकरण मिटवलं, कारण समुद्राच्या पाण्याचे पाइप दुरुस्त करायला हुसेनसारखा गडी त्याच्या वर्कशॉपात दुसरा नव्हता. खारं पाणी लोखंड खातं. पाइप फुटला की अख्खी लाइन बंद ठेवावी लागते. लाइन चालू असतानाच गळती थांबवता आली तर?

होडीच्या फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठासतात, तसा हुसेनने पाइपावर ठासून पाहिला. पाण्याच्या जोराने तो कापूस गोळीसारखा सुटला आणि हुसेनची भुवई फाटली. त्याचा राग घरी येऊन निघाला कुणावर, ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी एका डोळ्याने बघत लैलाने पाइपावर गुंडाळायला सुती दोरीचा पट्टा विणला. माहेर जाळी विणणाऱ्यांचं. ओढ बसली की आवळत जाणारी गाठ तिच्या बोटांत होती. तो पट्टा सुटला नाही. वर्कशॉपभर बोभाटा मात्र झाला ‘हुसेनचा पट्टा’ म्हणून.

लैलाचा धाकटा भाऊ फैजान कुवेतलाच इंजिनियर. त्याने शोधून काढलं की लहान कारखान्यांच्या नव्या कल्पनांना पैसा देणारा एक निधी आहे, पण आधी पाइपवाल्या कारखान्यांच्या संघटनेने, म्हणजे सगळे जिला क्लस्टर म्हणत तिने, शिक्का मारायला हवा.

अबू फहद म्हणाला, “शिक्का मिळू दे. पट्टे विणायला माणूस लागेलच. लैलाला मी नोकरीवर घेतो, तिच्या नावाचा इकामा काढून.”

लैलाला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवऱ्याच्या परवान्याला बांधलेला. भांडण झालं की हुसेन म्हणायचा, “देईन पाठवून गावाला. हिना माझ्यापाशी राहील.” हिना म्हणजे त्यांची मुलगी, शाळेत शिकणारी. स्वतःचा इकामा झाला की ही धमकी संपली. लैलाला शिक्का हवा होता तो एवढ्यासाठी.

परीक्षेला अबू फहदच्या वर्कशॉपात क्लस्टरकडून बद्रिया नावाची इंजिनियर बाई आली. चाचणीच्या पाइपाला मुद्दाम चीर पाडून ठेवली होती. हुसेनने पट्टा गुंडाळला, मोगरीने ठोकला, वरून लोखंडी कडं आवळलं. पाणी सोडलं. पट्ट्याच्या कडेने धार लागली.

हुसेन निवांत. लैलाही. नवी होडी पहिल्यांदा पाणी पितेच; सूत फुगलं की फट आपोआप मिटते, तोवर हात लावायचा नसतो. खाडीवर हे पोराटोरांनाही ठाऊक, म्हणून कुणी फैजानला सांगितलंच नव्हतं. फैजान वाढला मुंबईला मामाकडे. त्याने अहवालात ऐटीत लिहिलं होतं, ‘बसवताक्षणी गळती बंद.’

बद्रियाने अहवालाकडे पाहिलं, धारेकडे पाहिलं. “इथे तर ताबडतोब लिहिलंय.”

फैजानचा धीर सुटला. पाना उचलून तो कडं आणखी आवळायला गेला.

“हात लावू नकोस,” हुसेन म्हणाला.

“दुल्हाभाई, नापास करतील हो.”

“सूत चिरडेल, गाढवा.”

“एकच आटा.”

मोगरी त्याच्या मनगटावर आली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि फैजान गुडघ्यांवर बसला. हाड कातडीखालून वर आलं होतं. हुसेनने लाथेने पाना उडवला आणि लैलाकडे वळला. “बघतेस काय? सांग त्या बाईला, पाना सटकला म्हणून.”

फैजानच पांढऱ्या ओठांनी म्हणाला, “आपा, पाना सटकला. शिक्का घे आधी.”

बद्रियाने पाहिलं ते मोगरी खाली आल्यानंतरचं. तिने लैलालाच विचारलं, “शनू सार?” काय झालं?

पाना सटकला, एवढं म्हटलं की इकामा. आजवर इतकं खोटं बोलली, त्यात हे एक. लैलाने भावाच्या मनगटाकडे पाहिलं आणि नर्सचा शब्द काढला.

“दरबा,” ती म्हणाली. याने मारलं त्याला. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “दरबनी.” मलाही.

मोगरी तिच्या खांद्यावर बसली. दुसरा घाव डोक्याचा होता, पण तोवर कामगारांनी हुसेनला पाडलं. चौघांच्या अंगाखालूनही तो चावत होता. लैलाचा हात लुळा लोंबत होता. या वेळी ती पडली नाही.

पोलीस हुसेनला घेऊन गेले. बद्रिया फाइल बंद करत म्हणाली, “जिथे माणसांना मारहाण होते तिथे शिक्का नाही.”

“नको देऊ,” लैला मोडक्या अरबीत म्हणाली. “पण ते बघ तरी.”

धार थांबली होती. बद्रियाने पट्ट्याखाली बोट फिरवलं. कोरडं. “आधी गळतो हे लिहिलं का नाही?”

“मला कोणी विचारलं?”

बद्रियाने फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाली की जागा बदला, माणूस बदला, खरं लिहा आणि पुन्हा या.

हुसेनला शिक्षा झाली आणि मग थेट विमानात बसवलं. त्याच्यामागोमाग लैलाचा परवानाही जायचा, पण अबू फहदने धावपळ करून मुदत मिळवली. त्याला पट्टा हवा होता, उगाच संत म्हणू नये. दुसऱ्या परीक्षेत मोगरी लैलाने चालवली, डाव्या हाताने, कारण उजवा वर जात नव्हता. फैजानने प्लास्टरातून नुकत्याच सुटलेल्या हाताने अहवाल धरला होता. त्यात पहिलंच वाक्य होतं, ‘हा पट्टा सुरुवातीला गळतो.’ धार लागली. लैला बादली पालथी घालून तिच्यावर बसली. बद्रियाने चहा मागवला. चहा संपायच्या आत पाइप कोरडा झाला.

शिक्का मिळाला, लैलाच्या नावाचा. इकामाही. हुसेन अजून दाभोळहून मोबाइलवर आवाजी निरोप पाठवतो. पट्टा माझा, शिक्का माझा, येऊन हातपाय तोडीन.

“Block him, अम्मी,” हिना म्हणते.

“कशाला?” लैला पट्टा विणता विणता म्हणते. “बोंबलू दे तिथून. इथवर हात पोचत नाही त्याचा.”