शेजारी ठेवलेलं प्रस्थान

आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, पंचांगाचं भारी वेड. वडूजजवळच्या आमच्या गावात कुणाला बोअर मारायची असो की घर शाकारायचं, आधी आबांना विचारतात. तिथी मला त्यांनीच शिकवली. तारीख रात्री बाराला बदलते. तिथीला घड्याळाशी देणंघेणं नाही. चंद्र ठरलेला पल्ला पुढं सरकला की ती संपली, मग सकाळ असो की भरदुपार. यात मी चुकले की कान पिरगाळायचे.

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. गेल्या खेपेला त्याची सुट्टी संपत आली म्हणून मी इस्लामपूरहून माहेरी गेले. बघते तर त्याची सॅक घरात नाही. निघायच्या दिवशी अमावस्या, म्हणून आबांनी दोन दिवस आधीच, त्रयोदशीला, शेजारच्या काकूंकडे प्रस्थान ठेवलं होतं. चांगल्या वेळी सामान घराबाहेर पडलं की प्रवास सुरू झाला असं धरतात, आणि ते परत घरात आणत नाहीत. कपडे सगळे सॅकमध्ये. त्यामुळे आमचा सहा फुटी जवान आबांचा आखूड पायजमा घालून ओट्यावर बसलेला.

"मी गेलोय म्हणं," तो म्हणाला. "मग आई भाकरी कुणाला वाढतीया?"

आबासुद्धा हसले. दोन दिवस बापलेकांनी गोठ्याचे पत्रे बदलले, एका ताटात जेवले. जाण्याचा विषय घरात कुणी काढलाच नाही.

अमावस्येला चारच्या एसटीनं तो गेला. काकूंच्या दारातून सॅक उचलली तेव्हा मला रडू आवरेना. घरी येऊन डोळे पुसत होते, तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. बारीक अक्षरात छापलं होतं: अमावस्या सकाळी ११.२४ पर्यंत.

मला रागच आला. आबांची चूक सापडली याचा थोडा आनंदही झाला, खोटं कशाला सांगू?

"आवं आबा, अमावस्या सकाळीच संपली की. गाडी चारची. मग प्रस्थान कशापायी ठेवलं?"

आबा पायजम्याची घडी घालत होते.

"ठावं हाय," ते म्हणाले. "भरल्याली सॅक घरात दिसली, की मला घास उतरत न्हाई."

पुढच्या खेपेला दशमी असो नाहीतर एकादशी, सॅक मीच शेजारी नेऊन ठेवणार आहे.