जोडलेला रेडिओ परत आला

ऑकलंडमधल्या आमच्या गराजमधून मी हौशी रेडिओवाल्यांना घरी जोडायचे किट विकायचो. जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाचे हात थरथरायचे, म्हणून त्यांचा रेडिओ मीच जोडला आणि कस्टम्सच्या फॉर्मवर दिमाखात लिहिलं, 'पूर्ण जोडलेला, तपासलेला'. पार्सल परत आलं. युरोपातल्या शहाण्यांचा नियम असा, की गिऱ्हाइकाने सुटे भाग जोडले तर चालतं. विकणाऱ्याने जोडून दिले तर चाचण्या आणि शिक्का हवा. म्हणजे थरथरत्या हातांचं सोल्डरिंग भरवशाचं, माझं धोक्याचं!

"अहो, एवढी फुशारकी लिहायला कुणी सांगितली होती?" बायको म्हणाली.

मी सगळं सोल्डर वितळवलं आणि सुटे भाग पाठवले. गिऱ्हाइकाच्या बायकोने ते जोडून फोटो पाठवला. रेडिओ सुरू होता. सोल्डरिंग माझ्यापेक्षा सुबक होतं.