रूपचंद चावतो

माझ्या मामेसासऱ्यांइतका घाबरट माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, आणि घाबरण्याचा इतका तोरा मिरवणारा तर नाहीच नाही. साधा माणूस घाबरला की त्याचा आवाज बसतो, तोंड उतरतं, तो कुणाच्या तरी मागे लपतो. मामाजी घाबरले की छाती पुढे काढतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि जे घाबरलेले नाहीत त्यांच्याकडे असं बघतात, की आपण बिनडोक असल्याची आपल्याला जागच्या जागी खात्री पटावी. "अडाणी लोकं आहेत," असं ते समस्त बुऱ्हाणपूरकरांबद्दल म्हणतात आणि त्यात मला आवर्जून धरतात. मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते, याचा त्यांना विशेष राग आहे.

जन्मभर त्यांनी कचेरीच्या नकल शाखेत दुसऱ्यांनी लिहिलेलं उतरवून काढलं. निवृत्त झाल्यावर माणसाला स्वतःचं असं काही तरी लागतं, म्हणून त्यांनी भीती धरली असावी. छताच्या हुकाचा भरवसा नसतो म्हणून ते पंख्याखाली बसत नाहीत. ऐन वैशाखात सगळे पंख्याखाली जेवत असले तरी हे आपलं ताट घेऊन उंबऱ्यावर घामाघूम. केळ्यांच्या गावात राहून केळं आधी मधोमध मोडणार, खिडकीशी नेऊन उजेडात धरणार आणि मग खाणार. "आत काय आहे कोणाला मालूम?" आत केळं असतं मामाजी, असं मी एकदा म्हणून गेले, तर सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. ऑटोत ते कडेला कधीच बसत नाहीत. मधोमध बसतात, आणि दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं मिळाल्याशिवाय बसतच नाहीत, म्हणजे धडक बसलीच तर आधी त्यांना बसावी. एकदा अशी दोन माणसं मिळेस्तोवर ते राजपुऱ्याच्या कोपऱ्यावर पाऊण तास उभे राहिले आणि लग्नाला पोचले ते थेट मुलीच्या पाठवणीला. वर म्हणाले, "उशिरा आलो, पण अख्खा आलो." सून म्हणून मी हे सगळं पदर सावरून, मान खाली घालून ऐकत आले. आत काय चाललं होतं ते माझं मला माहीत.

पण या सगळ्या किरकोळ भित्या. खरी भीती त्यांना देडतलाई गावात मिळाली. तिथे एका जुन्या सहकाऱ्याकडे सत्यनारायण होता. प्रसाद खाता खाता दोन शेतकऱ्यांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. एक म्हणाला, "पान्यात शेततळं फुटलं, अन् रूपचंद पळाला ना नाल्यानं." दुसऱ्यानं विचारलं, "मंग आता?" "आता काय, गेला असंल तापीत. पन हात नको लावू कोनी, बोट चावते तो." मामाजी द्रोण हातात घेऊन ताडकन उठले. असा माणूस तुम्ही मोकळा सोडता? त्याच्या घरच्यांना खबर केली का? पोलीस चौकीत वर्दी दिली का? बायको-पोरं आहेत का त्याला? ते दोघे आधी बघत राहिले आणि मग इतके हसले, की एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाबूजी, मच्छी आहे ती. रूपचंद मच्छी!"

आता यात मामाजींचं एकट्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्यासारख्या घरांत मासा म्हणजे नुसता मासा. त्यालाही नावं असतात, हे आमच्या गावीही नसतं. बाजारात टोपल्या लावून रूपचंद विकला जातो हे अर्ध्या बुऱ्हाणपूरला पाठ आहे, आमच्या गल्लीला नाही. पण म्हणून ज्यानं उभ्या जन्मात ताटात मासा पाहिला नाही, त्यानं चार दिवसांत माशांचा जाणकार व्हावं? मामाजी झाले. त्यांनी मोबाइलवर रूपचंदाचा फोटो शोधला. दात अगदी माणसासारखे, चपटे, रांगेत बसवलेले. त्यांनी तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "तापीमाईत राक्षस." मग दूरदेशीच्या नदीत पडलेल्या गाईचा सांगाडा होतो तो व्हिडिओ टाकला. त्यातले मासे रूपचंदाचे सख्खे चुलते, असं त्यांचं म्हणणं.

"चुलत्यावरून परीक्षा करायची म्हटलं तर आपल्या घरात कोण टिकेल, मामाजी?" मी म्हटलं.

"तू सायन्सची टीचर ना? मग सांग. दात माणसासारखे आहेत, तर खात काय असेल?"

"माणसासारखंच. पोळी-भाजी."

यावर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दिवस बरे गेले. पण मी चेष्टा केली नव्हती. रूपचंद दाणे, फळं, पाण्यात पडलेली बोरं खातो. ते दात कठीण बिया फोडायला असतात. तोंडात बोट घातलं तर चावेल, ते तर आमच्या गल्लीतलं कुणीही चावेल. आंघोळ करणाऱ्या माणसाकडे तो ढुंकूनही बघत नाही. त्याचे ते परदेशातले बदनाम चुलतेसुद्धा उन्हाळ्यात डबक्यात अडकले, उपाशी राहिले, तरच अंगावर येतात. एरवी माणूस दिसला की तेच पळ काढतात. पण विज्ञान गेलं खड्ड्यात. मामाजी गळ्यात शिटी अडकवून रोज सकाळी घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहू लागले. कुणी कमरेपर्यंत पाण्यात गेलं की शिटी. एका म्हाताऱ्या नावाड्यानं त्यांना शांतपणे सांगितलं, "बाबूजी, मछली आदमी को काटती, तो मैं जाल में होता और मछली नाव चलाती." मामाजी म्हणाले, "अडाणी आहे."

इथपर्यंत मी सगळं करमणूक म्हणून सोडून दिलं असतं. पण कोजागिरी आली. माझ्या सासूबाई, म्हणजे मामाजींची थोरली बहीण, कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे तापीत स्नान करतात. लग्न होऊन या गावी आल्या तेव्हापासून एक कार्तिक चुकला नाही. बाळंतपणं नाही, पाहुणे नाहीत, ताप नाही. कशालाच त्यांनी जुमानलं नाही. वर्षभर त्या घरातल्या प्रत्येकाचं ऐकतात, आणि हा एक महिना त्यांचा स्वतःचा असतो. भिजलेल्या केसांनी, हातात पितळी तांब्या घेऊन त्या घाटावरून परत येतात तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं असतं. मामाजींनी त्याच महिन्यावर हात घातला. त्यांची आई लवकर गेली. या बहिणीनंच त्यांना लहानाचं मोठं केलं, म्हणून ते त्यांना जिजी म्हणतात आणि त्यांच्यापुढे आजही आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. नुसतं म्हणाले, "जिजी, माझ्या गळ्याची शप्पथ आहे. यंदा नदीत पाय नको टाकू."

सासूबाईंनी तीन दिवस शप्पथ पाळली. तीन दिवस त्या पहाटे उठायच्या, आंघोळीची पिशवी भरायच्या, आणि मग ओट्यावर बसून राहायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहाला नाही म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. एका माणसाच्या मूर्खपणापायी या बाईचा महिना बुडणार? मी ठरवलं, या रूपचंदाचा निकाल लावायचा.

रविवारी मी दोघा बहीण-भावांना घाटावर नेलं. भर गर्दीत साडी घोट्यांवर धरली, पाण्यातल्या पायरीवर बसले, पाय सोडले आणि कणकेच्या गोळ्या टाकल्या. बोटभर लांबीचे मासे आले, गोळ्या संपल्यावर माझ्या टाचांना लागले. गुदगुल्यांनी मला हसू आवरेना. मोठ्या शहरांत लोक मुद्दाम टाकीत पाय बुडवून बसतात ते याच्यासाठी, असं मी मोठ्यानं सांगितलं. बायका खाली उतरून आल्या, त्यांनीही पाय सोडले, एकच हशा झाला. मामाजी वरच्या पायरीवर शिटी मुठीत धरून उभे होते. मी वर बघून विचारलं, "काय मामाजी, कुठे आहेत तुमचे रूपचंद? सुट्टीवर गेले का?" सगळा घाट हसला. मला फार बरं वाटलं, हे मी कबूल करते. सासूबाई भावाजवळ जाऊन म्हणाल्या, "उद्यापासून मी येते रे. सोडव मला शप्पथेतून." मामाजींनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई पाण्यात उतरल्या. मी मागे पिशवी धरून. तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. त्यांचा पाय सरकला आणि त्या एकदम पाण्याखाली गेल्या. मी ओरडले, पण माझ्याआधी वरून कुणी तरी धावत आलं. चपलांसकट, चष्म्यासकट, छातीभर पाण्यात. मामाजींनी त्यांना काखेत धरून वर काढलं. भोवती बायका जमल्या. "काय झालं? पाय घसरला का हो?" सासूबाई खोकत होत्या. त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मासा चावला."

मी त्यांचं पाऊल हातात घेऊन बघितलं. साधा ओरखडाही नव्हता.

वाटेत मामाजी एक शब्द बोलले नाहीत. मी वाट बघत होते, आता म्हणतील, मग म्हणतील, मी सांगत होतो ना. घरी आल्यावर सासूबाईंना निजवलं आणि ते ओल्या कपड्यांनीच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"बहू, मासा नाही चावत, मालूम आहे मला," ते म्हणाले. "पहिले आठ दिवस खरंच घाबरलो होतो. मग तो नाववाला रोज समजवायचा, तर समजलं. पण नवरात्रात जिजी जिन्यावर दोनदा लटपटली. मी मागेच होतो. तिनं भिंतीला हात लावला अन् मागे वळून बघितलं, कोनी पाहिलं तर नाही ना म्हणून. आता तिला जाऊन कोन सांगनार, की तू म्हातारी झालीस, नदी सोड? मी सांगनार? तिनं मला न्हाऊ घातलंय."

ओल्या सदऱ्यातून पाणी फरशीवर गळत होतं. मला भयंकर लाज वाटली; शाळेत मी इतकी वर्षं मुलांना नीट बघायला शिकवते, आणि माझ्या घरातला जिना मी बघितला नव्हता.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका विचारपूस करायला आल्या. सासूबाई पलंगावर पडल्या होत्या, मामाजी पायाशी बसले होते. बोलता बोलता समोरच्या काकूंनी आवाज खाली आणून मला विचारलं, "तू तर काल सगळ्यांसमोर सांगितलंस, मासे काहीच करत नाहीत. मग यांना खरंच चावला का गं?" सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. आठ-दहा दिवसांत घाटावर परत जाईन असं त्या कुणाकुणाला सांगत होत्या, पण त्यांच्या मुठीत गोधडीचा कोपरा घट्ट धरलेला होता.

"हो, चावला," मी म्हटलं. "रूपचंदच असणार. मी खूण बघितली. आता मीच त्यांना नदीवर जाऊ देणार नाही."

सासूबाईंनी मूठ सोडली आणि डोळे मिटले. "बघा ना, ही पोरगी ऐकत नाही," त्या हळूच म्हणाल्या. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बहिणीच्या पावलांवर गोधडी सारखी करत राहिले.