दसऱ्याला घासलेल्या नळ्या

आदिलाबादच्या ज्या तेल गिरणीत मी देखभालीचं काम बघते, तिथल्या भट्टीत हवा सोडणाऱ्या आठ लोखंडी नळ्या आहेत. तापून लाल झालेल्या लोखंडाला हवाच खाते. गंजायला पाणीही लागत नाही. वर काळी खपली धरते, ती तडकून गळते, खालचं कोरं लोखंड उघडं पडतं आणि त्यालाही खपली धरते. म्हणून दरवर्षी नळ्या बदलायच्या, तेही ऐन हंगामात गिरणी बंद ठेवून. इतकी वर्षं हेच करून मला कंटाळा आला होता.

मालकांच्या मागे लागून मी दोन नळ्यांवर अॅल्युमिनियमचा थर चढवून आणला. धगीत त्यावरही एक पापुद्रा धरतो, पण तो पातळ आणि चिवट. सहसा तडकत नाही, हवेला खाली जाऊ देत नाही. मालक हिंदीत म्हणाले, एक वर्ष बघू. टिकल्या तर आठही नळ्या अशाच करू, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

वर्ष भरत आलं तशी संक्रांतीच्या सुमारास भट्टी थंड करून उघडली. बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर माझ्या दोन्ही नळ्यांवर खपल्या. मालकांनी बोटाने एक उडवली आणि ते ऑफिसात निघून गेले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी साडी खोचून आत शिरले. दारापासून हातभर नळी खपल्यांनी भरलेली, त्यापुढे करडी, गुळगुळीत, जशीच्या तशी. मधली रेघ अगदी आखल्यासारखी. आग इतक्या नेटकेपणाने काम करत नाही. माणूस करतो.

भट्टी सांभाळणारे काका माझ्या आधीपासूनचे. मी बाहेर येऊन विचारलं, "काका, या नळ्यांना काय केलं होतं?"

"दसऱ्याला गिरंडर मारला ताई."

"काऊन?"

"बाकीच्या काळ्याच असतात. तुमच्या नव्या, अन् राखेवानी मळक्या दिसून राह्यल्या होत्या. म्हटलं, ताईच्या नळ्यांवर कुंकू उठून दिसाले पायजे. हात पुरला तितक्या घासल्या."

म्हणजे थरच घासून काढला होता. मिनिटभर मी तापले. मग लक्षात आलं, थराबद्दल मी मालकांना तासभर समजावलं होतं आणि रोज भट्टीपुढे उभं राहणाऱ्या माणसाला एक शब्द सांगितला नव्हता. आमच्याकडे दसऱ्याला पान्यापासून वजनकाट्यापर्यंत सगळं चकचकीत होतं. मळकं यंत्र पुजणं काकांना जमणारच नव्हतं.

मालकांना परत बोलावलं आणि माझ्या चुकीसकट सगळं सांगितलं. एकच नळी, एकच आग. घासली तिथे गेली, नाही घासली तिथे टिकली. याहून चांगली परीक्षा मला ठरवूनही घेता आली नसती. मालक गुडघ्यांवर बसले, दारातून खांद्यापर्यंत आत वाकून रेघेपलीकडच्या भागावरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. उठताना म्हणाले, आठही करून घ्या.

काका तेवढा वेळ खाली मान घालून उभे होते. मालक गेल्यावर जवळ आले.

"पुढच्या दसऱ्याला नुसती फुलं वाहीन. पण ताई, भट्टीचं दार तरी घासू काय?"

"बाहेरून घासा काका. पाहिजे तेवढं घासा."