सूनबाईचा कागद आणि माझी इस्त्री

चहा घ्या, आणि घेता घेता ऐका. माझ्या हातून जो घोटाळा झाला, तो मीच सांगितलेला बरा. नाहीतर आमची ही सांगेल, आणि तिच्या सांगण्यात मी आणखी वेडा दिसतो.

रिटायर झाल्यावर घरात मला एकच खातं मिळालं, इस्त्रीचं. सुनंदा म्हणाली, "दिवसभर सूचना देत बसण्यापेक्षा काहीतरी करा." म्हणून केलं. शर्ट, साड्या, अभ्रे, पडदे. खोटं कशाला बोलू, पायपुसणंसुद्धा एकदा केलंय. जेसल पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे लग्न निघालं की नवरदेवाचा कुर्ता माझ्याकडे येतो. सुरकुती दिसली की माझा हात शिवशिवतो, त्याला मी तरी काय करणार?

अशा घरात तन्वी सून म्हणून आली. आणि तिचा व्यवसाय काय, तर कागदाला घड्या घालणं.

होडी आणि विमान आलं ना डोळ्यांसमोर? माझ्याही आलं होतं. लग्नाच्या बोलणीत मी तिच्या वडिलांना विचारलं, "छंद ठीक आहे हो, पण मुलगी करते काय?" ते बिचारे म्हणाले, "हेच करते." मग हळूहळू कळलं. ओरिगामी म्हणतात त्याला. एकच अखंड कागद घ्यायचा. कात्री नाही, गोंद नाही, नुसत्या घड्या. त्यातून ती दिव्यांच्या शेड करते, हॉटेलांच्या भिंतीवर लावायला हे एवढाले देखावे करते.

आमचं दोघांचं बरं होतं, पण जरा पाहुण्यासारखं. ती "बाबा, पाणी देऊ का?" म्हणायची, मी "नको, राहू दे" म्हणायचो, संपलं. एक मात्र होतं. आम्ही जुने भाईंदरचे, माझे वडील मिठागरात राबलेले. जेवताना ती त्याचं खोदून खोदून विचारायची. बांध केवढा रुंद असायचा, खाडीचं पाणी आत कसं घ्यायचे, मिठाचे कप्पे चौकोनी असायचे की लांबट? मी मनात म्हणायचो, पोर चांगली आहे, म्हाताऱ्याचं मन राखते.

तर तिचं मुंबईत पहिलं मोठं प्रदर्शन होतं, सोमवारपासून. शनिवारी ती आणि आमचा निखिल हॉल बघायला गेले. दुपारी तिचा फोन आला. मागे ठोकाठोक चाललेली. मला ऐकू आलं ते एवढंच, "बाबा... टेबलावरचा कागद... सपाट... एवढं बघाल का?"

मी म्हटलं, "बघतो ना. तू काळजी करू नकोस."

डायनिंग टेबलावर जाऊन पाहिलं, तर चादरीएवढा जाड पांढरा कागद. आणि त्यावर घड्याच घड्या. जणू कुणी त्याचा बोळा केलाय, पण पट्टी लावून केलाय. मला भरूनच आलं. सुनेनं पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि तेही नेमकं माझ्या खात्यातलं.

इस्त्री तापली तेवढ्यात शेजारच्या जिग्नाबेन विरजणाला दही मागायला आल्या. थबकल्याच.

"भाईसाब, पेपर को इस्त्री?"

"बहू ने बोला है, सपाट चाहिए."

"तो ऐसे कैसे होगा? पानी छिड़को ना, कॉटन साडी जैसा."

बाईंचं बरोबर होतं. मी पाणी शिंपडलं, वर मलमलचा पंचा घातला आणि सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दाबत गेलो. कागद चिवट होता, पण मीही काही कमी नाही. मग दोघांनी मिळून तो गादीखाली सरकवला आणि गादीवर सूटकेस ठेवली. सुनंदा भाजी घेऊन आली, विचारलं, "काय चाललंय?" मी रुबाबात म्हटलं, "तन्वीचं काम."

आणि फोन केला. "झाला बरं का सपाट. एकदम."

"थँक यू बाबा. माझा अर्धा जीव तिकडेच होता."

मी इतका खूश झालो, की त्या आनंदात तिच्या सगळ्या ओढण्यांनाही इस्त्री करून टाकली.

संध्याकाळी दोघं आले. तन्वीने टेबल पाहिलं.

"बाबा, कागद कुठंय?"

"गादीखाली."

ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करतोय. मी कागद काढून तिच्यापुढे धरला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसली.

निखिल म्हणाला, "बाबा, हे काय केलंत?"

"इस्त्री," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द तोंडातून काढताना मला लाज वाटली.

"अहो, त्या घड्या हेच तिचं काम होतं. कित्येक आठवडे एकेक रेघ दाबत होती. उद्या फक्त त्या घड्यांवर कागद उभा करायचा होता. सपाट पसरलेला राहू दे, गुंडाळू नका, एवढंच म्हणाली ती तुम्हाला."

"निखिल, राहू दे," तन्वी म्हणाली.

"का राहू दे? बाबा, ते मिठागर होतं. आजोबांचं. तुम्ही सांगितलं तसं, बांधासकट. प्रदर्शनात नेऊन तुम्हालाच दाखवणार होती ती."

आता बोला. उरलीसुरली मिठागरं बिल्डर सपाट करतील म्हणून मी चारचौघांत तावातावाने भांडतो. आणि घरात आलेलं एक मी स्वतःच्या हाताने सपाट केलं, वर पाणी शिंपडून.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तन्वी, चुकलं गं माझं."

ती उठली. कागद घेऊन गॅलरीत गेली, मावळतीच्या उन्हात तिरपा धरला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाहत गेली. मग हाक मारली, "बाबा, इकडे या. दिसतंय का काही?"

दिसत होतं. केसासारख्या बारीक रेघा, सगळ्या जागच्या जागी.

"चांगला कागद घडी विसरत नाही," ती म्हणाली. "दबलाय नुसता. रात्रभर वाळू दे. उद्या माझ्याबरोबर बसाल?"

बसाल का म्हणे. मला तिने खोलीबाहेर जायला सांगायला हवं होतं, आणि ती मला शेजारी बसवत होती.

रविवारी सकाळपासून आम्ही सगळे जमिनीवर. जिग्नाबेनही आल्या, "आइडिया तो मेरा ही था," म्हणत, आणि येताना ढोकळा घेऊन. तन्वी शिकवत होती, वर उठते ती डोंगरघडी, आत जाते ती दरीघडी. मी नखाने रेघ ओढायला लागलो. "नख नको बाबा, पेराने दाबा. घाई नाही." एकदा मी डोंगराची दरी केली, तिने न बोलता पुन्हा डोंगर केला. तिच्या बोलण्यात दिवसभर एकही टोमणा आला नाही. मी वाट बघत होतो, पण आलाच नाही.

दुपार कलली तेव्हा तिने चारी बाजूंनी कागद हळूच आत ढकलला, आणि तो उभा राहिला. बांध वर आले, कप्पे खाली बसले. खालून तिने दिवा लावला. वडील मला धरून न्यायचे ती वाट समोर होती. "सांभाळून," ते म्हणायचे, "बांध हाय तो, रस्ता न्हाय." मी चष्मा पुसायच्या निमित्ताने आत गेलो.

सोमवारी प्रदर्शनात गर्दी होती. तन्वी येईल त्याला सांगत होती, "हे माझे सासरे. मिठागर ह्यांचं, घड्या फक्त माझ्या." आणि तिने माझा हात घट्ट धरलेला. पाहुणे आले, फोटो झाले, तिने हात सोडला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

परतताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सुनंदा, मी एवढं नुकसान केलं, तरी पोरीने क्षणभर माझा हात सोडला नाही. पोटची मुलगी तरी काय वेगळं करते?"

सुनंदा म्हणाली, "अहो, तिथे सगळीकडे कागदाच्या वस्तू मांडलेल्या. तुमचे हात मोकळे ठेवायचे नाहीत, हे आमचं घरूनच ठरलं होतं. उजवा तिच्याकडे, डावा माझ्याकडे."