गुलाबचा चिमटा

गुलाब रामटेके गेला आणि जिल्ह्यातलं विज्ञान पोरकं झालं, असं नागभीडच्या शोकसभेत एका वक्त्याने सांगितलं. त्याने ते विज्ञान पाहिलेलं नसावं. ते कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याचं होतं. चिमट्याच्या एका ओठाला टॉर्चचा बल्ब, दुसऱ्याला उजेड ओळखणारी टिकली, आणि वायरीने जोडलेला जुना रेडिओ. बोट चिमट्यात धरलं की ठोक्यागणिक रक्त भरतं, पलीकडे पोचणारा उजेड किंचित कमी होतो आणि रेडिओतून ‘टुक’ ऐकू येतं. गुलाब हायस्कुलात विज्ञान शिकवायचा आणि रविवारी हे सगळं सायकलला बांधून खेड्यांत हृदयं तपासत फिरायचा. त्याचं स्वतःचं हृदय शेवटपर्यंत उत्तम होतं; मलेरिया डोक्यात गेला.

पहिली फेरी फसली. धानाच्या रोवण्याचे दिवस. पाण्याने भरलेल्या बांधीतून थेट आलेल्या माणसांच्या बोटांना घट्टे आणि चिखल. उजेड आरपार जाईना. यंत्राने अर्धं गाव मेलेलं ठरवलं. “मास्तर, मी मेलो, त सकाऊन नांगर कोन हाकलला?” एका म्हाताऱ्याने विचारलं. गुलाब तिथे गंभीर राहिला आणि परतीच्या रस्ताभर हसला. पुढच्या रविवारी चिमटा कानाच्या पाळीवर गेला. शेतात राबणाऱ्याच्या कानाला चिखल कमी लागतो, हा त्याचा खरा शोध.

त्याच वर्षी माझ्या आईला चालताना घेरी येऊ लागली. नागपूरच्या डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायची, “पित्त हाय. मले नाई जाचं.” आम्ही सगळे हरलो. मग गुलाबने तिच्या कानातलं काढायला लावलं आणि पाळीला चिमटा लावला.

“काऊन रे, मले वाळत घालतं का?”

टुक, टुक, टुक… मग काहीच नाही. दोन ठोक्यांमधल्या त्या खड्ड्यात कुठल्याशा केंद्राचे बाजारभाव बारीक आवाजात ऐकू आले. रेडिओ आपला मूळ धंदा विसरला नव्हता. मग पुन्हा टुक.

“हे थांबलं ते मीच काय?”

“तुमीच, मावशी.”

आईने कानातलं परत घातलं. मग म्हणाली, “उद्याची गाडी कितीची हाय?”

नागपूरला तिला लगेच भरती करून घेतलं. ती परत आली, आणि आजही तांदूळ निवडताना माझ्या चुका काढते. आमच्या घरात आई आहे ती त्या चिमट्यामुळे. एवढंच सांगायला हे लिहितोय.

गेल्या आठवड्यात तिला घेऊन गुलाबच्या घरी गेलो. वहिनींनी फळीवरून रेडिओ काढून दिला. आईने कानातलं स्वतःच काढलं, चिमटा लावून घेतला. मी बटण फिरवलं. आम्ही तिघंही माना खाली घालून थांबलो… काहीच आवाज नाही.

“मेली का मी?” आई म्हणाली.

“नाई, मावशी,” वहिनी म्हणाल्या. “लाइट गेली होती, म्हनून रेडिओचे सेल टॉर्चमधी टाकले.”